सेवा कराराचे नियोजन व व्यवस्थापन : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील टँकरद्वारे होणाऱ्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या अभ्यासक्रमात सेवा करार हा घटक बहुधा संगणक दुरुस्ती, सुरक्षा रक्षक, उपाहारगृह किंवा विमा यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो. ही उदाहरणे चुकीची नाहीत, परंतु ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना ती दूरची वाटतात. काही वर्षांपूर्वी हा घटक शिकवीत असताना प्रस्तुत लेखकाने वर्गास आपल्या परिसरातील सेवा कराराचे एखादे उदाहरण विचारले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उत्तर दिले, "सर, आमच्या पाड्यावरचा टँकर." वर्गात हशा पिकला. ते उत्तर पाठ्यपुस्तकातील उदाहरणांपेक्षा सरस होते, हे मात्र त्यावर विचार करू लागल्यानंतरच ध्यानात आले. सेवा कोणती, ग्राहक कोण, पुरवठादाराने नेमके काय द्यावयाचे, ते दिले की नाही हे कोणी ठरवायचे, आणि न दिल्यास काय, हे कराराचे सर्व प्रश्न त्या एका उदाहरणात अत्यंत तीव्रतेने उभे राहतात. इतरत्र करार फसला तर पैसा व वेळ वाया जातो. येथे करार फसला तर त्या दिवशी घरात पाणी नसते.

शहापूर तालुक्यात १८९२ साली पूर्ण झालेले तानसा, त्यानंतरचे मोडकसागर आणि भातसा ही धरणे आहेत. मुंबईला दररोज मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचे असते. मुरबाड तालुक्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण असून त्याचे पाणी बदलापूर, अंबरनाथपासून पुढच्या शहरांना व उद्योगांना जाते. दोन्ही तालुक्यांत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळा लागला की कसारा, खर्डी, डोळखांब या पट्ट्यातील व मुरबाडच्या डोंगराकडील काही वाड्या-पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. कठीण काळा पाषाण, तीव्र उतार आणि पाण्याची साठवण गावासाठी नव्हे तर शहरासाठी झालेली, ही त्याची कारणे सर्वपरिचित आहेत. या विरोधाभासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. टँकर सुरू झाल्यानंतर ज्या कराराच्या आधारे तो धावतो, त्या कराराची रचना कशी असावी व तो कसा राबवावा, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

वस्तू व सेवा : कायद्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचा भेद

भारतीय करार कायदा, १८७२ हा वस्तू व सेवा या दोहोंच्या करारांना लागू आहे. वस्तूंच्या बाबतीत मात्र १९३० चा मालविक्री कायदा खरेदीदाराच्या मदतीस येतो. मालाची गुणवत्ता व उपयुक्तता यांविषयी करारात काही लिहिले नसले तरी विशिष्ट परिस्थितीत त्या अटी कायदाच गृहीत धरतो. सेवांसाठी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ग्राहक संरक्षण कायदा (प्रथम १९८६ चा व आता २०१९ चा) सेवेतील उणिवेविरुद्ध दाद देतो. परंतु सेवेचा दर्जा काय ठरला होता हे पाहण्यासाठी शेवटी करारच उघडावा लागतो. तात्पर्य, सेवेच्या करारात जे लिहावयाचे राहून गेले ते पुष्कळदा कायमचेच राहून जाते.

दुसरा भेद सेवेच्या स्वरूपातील आहे. खुर्ची विकत घेताना ती उलटसुलट करून पाहता येते व नापसंत असल्यास परत करता येते. सेवा ही निर्माण होते त्याच क्षणी उपभोगली जाते. तिचा साठा होत नाही आणि ती परतही करता येत नाही. म्हणून सेवेची तपासणी ती घडत असतानाच व्हावी लागते. कोणी, कोठे उभे राहून, कशाच्या साहाय्याने तपासणी करायची, हे आधी ठरले नसेल तर नंतर उरतो तो केवळ दोन पक्षांचा वाद.

नेमकी सेवा कोणती?

टँकरच्या कराराकडे या दृष्टीने पाहिले असता पहिलीच गोष्ट खटकते. ठेकेदार पाणी विकत नाही. पाणी शासनाने ठरवून दिलेल्या उद्भवावरून भरले जाते; ठेकेदार ते वाहून नेतो. खासगी टँकरचे देयक ठरविण्याची आपल्याकडील रूढ पद्धतही वाहतुकीचीच आहे. टँकरच्या टनातील क्षमतेनुसार दररोजचे भाडे आणि कापलेल्या अंतरानुसार प्रतिकिलोमीटर आकार, अशा दोन भागांत ते आकारले जाते. याचा अर्थ असा की, पुरवठादाराच्या दृष्टीने करार हा वाहन व अंतर यांचा आहे, तर पाड्यावरील बाईच्या दृष्टीने तो हंड्यातील पाण्याचा आहे. एकाच कागदावर दोन निरनिराळ्या सेवा आहेत.

हा भेद शब्दच्छल नव्हे. ज्या गोष्टीसाठी पैसे दिले जातात तीच गोष्ट वाढत जाते, हा व्यवस्थापनशास्त्रातील जुना अनुभव आहे. अंतरासाठी पैसे दिले तर जवळचा उद्भव शोधण्याची कोणालाही घाई नसते. क्षमतेसाठी पैसे दिले तर टँकर प्रत्यक्षात किती भरला होता, हा प्रश्न दुय्यम होतो. ठेकेदार अप्रामाणिक आहे असे येथे सुचवावयाचे नाही. करारच त्याला ज्या दिशेने चालावयास सांगतो त्या दिशेने प्रामाणिक ठेकेदारही चालेल.

आता एक साधे गणित मांडून पाहू. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरद्वारे दरडोई दररोज २० लिटर पाणी देण्याचा निकष प्रचलित आहे. सहाशे लोकवस्तीच्या वाडीला या निकषाने दिवसाला १२,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटर क्षमतेच्या टँकरची एक पूर्ण खेप लागते. ही खेप चुकली तर वाडीचे त्या दिवसाचे पाणी शंभर टक्के चुकले. महिन्याच्या अखेरीस कागदावर मात्र तीसपैकी एकच खेप चुकलेली दिसते, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के कामगिरी! कोणत्याही कार्यालयात हा आकडा उत्तम मानला जाईल. दुसऱ्या दिवशी दोन खेपा करून तूट भरून काढली, असेही सांगितले जाते; परंतु ज्यांच्या घरी चार-सहा हंड्यांपलीकडे भांडी नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशीचे दुप्पट पाणी साठविता येत नाही व पहिल्या दिवसाची तहान मागे जाऊन भागविता येत नाही. अशा सेवेत सरासरीला अर्थ नसतो. करार कायद्याच्या ५५ व्या कलमात वेळ हा कराराचा गाभा असण्याची कल्पना आहे. ती येथे दररोज लागू पडते. म्हणून सेवेचा मापदंड 'महिन्यात इतक्या खेपा' असा न ठेवता 'वाडीवर एकही दिवस पाण्याविना नाही आणि टँकर ठरलेल्या वेळेच्या दोन तासांच्या आत' असा ठेवला पाहिजे. वेळ ठरलेली नसेल तर बायकांचा अर्धा दिवस वाट पाहण्यात जातो. त्याची नोंद कोणत्याही देयकात होत नाही, आमच्या हजेरीपटात मात्र होते.

सेवा कोठे संपते, हेही लिहिलेले असावे. अनेक ठिकाणी टँकर गावच्या विहिरीत रिता केला जातो. ठेकेदाराचे काम तेथे संपते. तळ गाठलेल्या विहिरीत पाणी पडल्यावर ते गढूळ होते, काही मुरते, आणि नंतर ते शेंदून काढण्याचे श्रम उरतातच. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या साठवण टाकीत पाणी उतरवून तिला तोट्या बसविल्या तर मोजमापही होते आणि टीसीएल पावडरीने निर्जंतुकीकरणही नीट होते. खर्च फार नाही. परंतु ही टाकी कोणी पुरवायची, ठेकेदाराने की ग्रामपंचायतीने, हे आधी ठरलेले नसेल तर ती येत नाही.

ग्राहक कोण?

पाठ्यपुस्तकातील करारात दोन पक्ष असतात. येथे किमान तीन आहेत. पैसे जिल्हा प्रशासन देते, देखरेख तहसीलदार व गटविकास अधिकारी यांच्या यंत्रणेकडे असते, आणि सेवा वाडीला मिळते. करारावर सही वाडीची नसते. कराराचा पक्ष नसलेल्या व्यक्तीस त्या कराराच्या आधारे सामान्यतः दावा करता येत नाही, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या खटल्यात मान्य केले आहे. त्याला काही अपवाद आहेत, पण टँकरची वाट पाहणाऱ्या बाईच्या हाती ते सहज येणारे नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्यातील ग्राहकाच्या व्याख्येत सेवेच्या लाभार्थीचाही समावेश आहे, तथापि शासनाने विनामूल्य पुरविलेल्या पाण्याला ती कशी लागू करावी हा वादाचाच विषय राहील.

यावरचा व्यवहार्य उपाय न्यायालयापेक्षा कराराच्या मसुद्यात शोधणे सोपे आहे. लाभार्थीला कराराचा पक्ष करता आले नाही तरी कराराचा साक्षीदार करता येते. खेप पोहोचल्याची नोंद वाडीतील दोन स्त्रियांच्या सहीशिवाय ग्राह्य धरली जाणार नाही आणि देयकास ती नोंद जोडणे बंधनकारक राहील, एवढी एक अट जरी असली तरी ठेकेदाराचे लक्ष आपोआप तालुक्याच्या कार्यालयाकडून पाड्याकडे वळते. स्त्रियाच का, असा प्रश्न विचारला जाईल. पाणी आले की नाही हे ज्यांना सर्वप्रथम कळते त्यांचीच सही असावी, इतकेच त्याचे उत्तर आहे.

मोजमाप : जीपीएस आणि त्याच्या मर्यादा

टँकरवर जीपीएस यंत्रणा बसविण्याचा व तिच्या नोंदींशी देयकाचा मेळ घालण्याचा आग्रह महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे धरला जात आहे आणि तो योग्यच आहे. कागदोपत्री धावणाऱ्या टँकरना त्यामुळे निश्चितच आळा बसतो. तथापि जीपीएस वाहन कोठे गेले ते सांगते. त्यात पाणी किती होते ते सांगत नाही. म्हणजे वाहतुकीचे मोजमाप सुधारले, पाण्याचे तसेच राहिले. भरण्याच्या ठिकाणी एक जलमापक आणि उतरविण्याच्या ठिकाणी खुणा केलेली टाकी, या दोन साध्या गोष्टींनी ही उणीव भरून निघू शकते.

घनमापनाने पाणी देण्या-घेण्याचा करार आपल्या राज्याला नवा नाही. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाच्या कालव्याच्या शेपटाकडील ओझर येथील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पाणीवापर संस्था स्थापन केल्या व पाटबंधारे खात्याशी करार करून पाणी मोजून घेण्यास सुरुवात केली. पूर्वी आकारणी पिकाच्या क्षेत्रावर होत असे. किती पाणी आले याच्याशी तिचा थेट संबंध नसे. मोजून पाणी मिळू लागल्यावर संस्थेला आपले कोटे आखता आले आणि सभासदांत वाटप करता आले. पुढे महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याने ही पद्धत राज्यभर स्वीकारली. त्यातील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. सेवा सुरू होण्यापूर्वी वितरण व्यवस्थेची उभय पक्षांनी संयुक्त पाहणी करावी अशी अपेक्षा तेथे आहे. टँकरच्या बाबतीतही मार्ग, उद्भव, उतरविण्याची जागा यांची ठेकेदार, ग्रामसेवक व वाडीतील प्रतिनिधी यांनी एकत्रित पाहणी करून नोंद केली, तर 'रस्ता खराब असल्याने गाडी वर चढली नाही' ही सबब मे महिन्यात नव्हे तर फेब्रुवारीतच पुढे येईल व तिच्यावर काही करता येईल.

प्रतिसाद आणि पूर्तता

शब्दांच्या निवडीने करार कसा निकामी होतो याचा एक अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. प्रस्तुत लेखक ज्या एका महाविद्यालयात पूर्वी काम करीत होता तेथे इन्व्हर्टर व बॅटऱ्यांचा वार्षिक देखभाल करार होता. तक्रार नोंदविल्यापासून ४८ तासांत 'प्रतिसाद' दिला जाईल, असे त्यात लिहिले होते. ऐन परीक्षेच्या काळात यंत्र बंद पडले. पुरवठादाराचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, यंत्र उघडून पाहिले, सुटा भाग मागवावा लागेल असे सांगून व आमची सही घेऊन निघून गेला. यंत्र सुरू होण्यास तीन आठवडे लागले. दंड आकारावा म्हणून करार काढला, तर अट पाळली गेली होती. दोष पुरवठादाराचा जितका, तितकाच तो मसुदा न वाचता सही करणाऱ्या आम्हा समिती सदस्यांचाही होता. प्रतिसादाची वेळ आणि पूर्ववत सेवा सुरू होण्याची वेळ, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहावयास हव्यात. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील सेवास्तर करारांत हा भेद रूढ झालेला आहे.

टँकरच्या भाषेत सांगायचे तर, गाडी बिघडल्यास 'पर्यायी व्यवस्था करण्यात येईल' एवढे लिहून भागत नाही. किती तासांत, कोणत्या क्षमतेची, आणि ठेकेदाराने न केल्यास गटविकास अधिकाऱ्यांनी दुसरीकडून टँकर आणून त्याचा जादा खर्च ठेकेदाराच्या सुरक्षा ठेवीतून वळता करावा किंवा कसे, हे लिहावे लागते.

दंडाविषयी दोन शब्द. करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात रक्कम नमूद केलेली असली तरी तीच पूर्ण मिळेल असे नाही. त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. त्यामुळे जबर दंडाची धमकी कागदावर भारी दिसते, पण अधिकारी ती वापरण्यास कचरतात, कारण ठेका रद्द केला तर उद्याचे पाणी कोण आणणार हा प्रश्न त्यांच्याचपुढे असतो. लहान, ठरावीक व देयकातून आपोआप वजा होणारी कपात अधिक परिणामकारक ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उदाहरणार्थ, चुकलेल्या खेपेचे भाडे तर नाहीच, शिवाय एका दिवसाच्या भाड्याइतकी कपात. ती कोणाच्या मर्जीवर ठेवू नये.

पुरवठादाराची बाजू

कराराची चर्चा बहुधा ग्राहकाच्या खुर्चीत बसून केली जाते. ठेकेदाराच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. डिझेल रोखीने घ्यावे लागते, चालकाचा पगार महिन्याला द्यावा लागतो, आणि देयक मात्र निधी येईपर्यंत थांबते. हा विलंब गृहीत धरणारा ठेकेदार दर वाढवून भरतो, आणि गृहीत न धरणारा सर्वात कमी दराने निविदा जिंकून एप्रिलच्या अखेरीस खेपा कमी करू लागतो. सर्वात कमी दर म्हणजे सर्वात स्वस्त सेवा नव्हे, हे वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांस सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि लेखापरीक्षणाच्या धास्तीने आपण आपल्या महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांतही नेमके तेच करीत असतो.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या १५ व्या कलमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादारास ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांहून अधिक नसता, पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास १६ व्या कलमानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते. हा अधिकार फारच थोडे लहान पुरवठादार बजावतात, कारण पुढच्या वर्षीचे काम त्याच कार्यालयाकडून मिळवायचे असते. म्हणून देयकाचा काल कराराच्या मसुद्यातच ग्राहकाचे कर्तव्य म्हणून लिहिला जावा. डिझेलच्या दरातील चढ-उताराचे सूत्रही त्यात असावे. पुरवठादाराचे कर्तव्य जितके काटेकोर, तितकेच ग्राहकाचेही असल्याशिवाय कराराला न्याय्य म्हणता येत नाही.

नियोजनाचे वेळापत्रक

टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च व एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार केला जातो. याचा अर्थ कोणत्या वाडीला केव्हा पाणी कमी पडेल याचा अंदाज शासनाकडे आधीच असतो. शहापूर व मुरबाडमध्ये टँकर मागणाऱ्या वाड्यांची नावेही बहुतांशी वर्षानुवर्षे तीच असतात. असे असता प्रत्येक वर्षी जणू अकस्मात आपत्ती कोसळल्याप्रमाणे निविदा काढण्यात व्यवस्थापनाच्या दृष्टीने काहीच हशील नाही. पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या व आधी ठाऊक असलेल्या मागणीसाठी दोन-तीन वर्षांचा दरकरार करावा. प्रत्यक्ष कार्यादेश मात्र गरजेनुसार द्यावा. ठेकेदारालाही मग टाकी, मापक, बदली वाहन यांवर खर्च करण्याचा हुरूप येईल.

टँकर हा कायमचा इलाज नव्हे, हे उघड आहे. शहापूर तालुक्यासाठी इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना आखण्यात आली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण घराला नळाद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु नळ आला की सेवा कराराची गरज संपते, ही समजूत मात्र चुकीची आहे. तेव्हा तर ती सुरू होते. ग्रामपंचायत नळ योजनेत स्वतःच पुरवठादार होते, आणि पाणीपट्टी भरणारे कुटुंब हे ग्राहक. पंपाची मोटार जळाली तर ती किती दिवसांत दुरुस्त होईल, वीजबिल थकले तर काय, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला मानधन कोण देणार, शेवटच्या पाड्यावर पाणी चढत नसेल तर तेथील पाणीपट्टी माफ होईल काय? बांधकामाच्या ठेक्यात यांची उत्तरे नसतात. ठेकेदार योजना बांधून ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करतो. देखभालीचे दरपत्रक, सुट्या भागांची यादी, नकाशे व यंत्रांच्या हमीची कागदपत्रे स्वाधीन झाली की नाही, हे त्या दिवशी पाहिले गेले नाही तर पुढे पाहण्याची संधी नसते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने हस्तांतरापूर्वी योजना किमान एक उन्हाळा चालवून दाखविण्याची अट घालावी, असे सुचवावेसे वाटते. पावसाळ्यात स्वाधीन झालेल्या योजनेची परीक्षा होत नाही.

टँकरच्या बाबतीत अशी परीक्षा जूनमध्ये संपते. पहिला पाऊस पडला की कार्यादेश थांबतो, लॉगबुके तालुक्याच्या कपाटात जातात आणि सुरक्षा ठेव परत करण्याची टिप्पणी तयार होते. ठेव परत करण्यापूर्वी त्या लॉगबुकांतून वाडीनिहाय चुकलेले दिवस, उशिरा आलेल्या खेपा आणि तक्रारी यांचे एक पानी टिपण काढून ते ऑक्टोबरच्या आराखड्यास जोडता येईल. आमच्या महाविद्यालयांतील तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देणे शक्य आहे. ज्या विद्यार्थिनीने टँकरचे उदाहरण दिले तिच्यासारख्यांना त्या नोंदी वाचण्यास कोणाच्या मार्गदर्शनाची फारशी गरज भासणार नाही.